यीस्टला काय वाढायचं?



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी फोनवर विषय विचारला, तेव्हा मी 'यीस्ट आणि माध्यमं' एवढंच सांगितलं. चार दिवसांनी चौकातल्या फळ्यावर तसंच लिहून आलं. तेव्हापासून तिघांनी मला वाटेत गाठून विचारलंय, की सर, चॅनेलवाल्यांचा आणि यीस्टचा संबंध काय? फुगवण्याचा, असं एकाला मी सांगूनही टाकलं. पण आजचं माध्यम निराळं. प्रयोगशाळेत यीस्ट वाढवायचं तर त्याला जे खायला, प्यायला आणि राहायला द्यायचं, त्या सगळ्याला मिळून आम्ही माध्यम म्हणतो. बोलताना 'मीडिया' म्हणतो, आणि 'मीडिया बनवला का रे?' असं एकवचनात विचारतो. व्याकरण शिकवणाऱ्यांनी कान झाकून घ्यावेत.

आपल्या 'वाढणं' या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. पानात भात वाढतात आणि अंगणात पोर वाढतं. माझा आजचा सगळा विषय या दोन अर्थांच्या मधला आहे: आपण काय वाढलं म्हणजे काय वाढतं, आणि काय वाढलं नाही म्हणजे काय कळतं.

आमच्या रोजच्या वरणभातापासून सुरुवात करतो. त्याचं नाव वायपीडी. एक लिटर पाण्यात 10 ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, 20 ग्रॅम पेप्टोन आणि 20 ग्रॅम डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज. पातळ हवं तर एवढंच. थिजलेलं हवं तर वर 20 ग्रॅम अगर. मग ते ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांवर, 15 पौंड दाबाखाली, पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं. ऑटोक्लेव्ह म्हणजे थोरला प्रेशर कुकर. अडचणीच्या दिवसांत आम्ही घरचा कुकर आणूनही काम भागवलं आहे. कोमट झाल्यावर पावाचं यीस्ट त्यात सोडायचं आणि 30 अंशांवर हलवत ठेवायचं. दीड तासाला संख्या दुप्पट होते. संध्याकाळी चिमूटभर टाकलेलं सकाळी बघावं, तर फ्लास्क ताकासारखा गढूळ आणि एका मिलिलिटरमध्ये दहा कोटींच्या वर पेशी.

ही पाककृती जरा खोलात जाऊन बघा. पेप्टोन म्हणजे मांसातलं किंवा दुधातलं प्रथिन पाचकरसांनी आधीच पचवून वाळवलेली पूड. आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट म्हणजे यीस्टच. पेशी मारून, त्यांना स्वतःच्याच पाचकरसांत विरघळू देऊन, गाळून आटवलेला त्यांचा अर्क. आपण यीस्टला यीस्टच खाऊ घालतो. हे जरा अघोरी वाटेल, पण या अघोरीपणामागे चाळीस वर्षं चाललेलं एक भांडण आहे.

1860 साली लुई पाश्चरनं मद्यार्काच्या किण्वनावरचा आपला मोठा निबंध प्रसिद्ध केला. साखरेची दारू होते ती जिवंत यीस्टच्या जगण्यातून, असं त्याचं म्हणणं. पुरावा म्हणून त्यानं जे केलं ते माध्यम निवडण्याच्या इतिहासातलं पहिलं मोठं धाडस म्हणायला हवं. त्यानं यीस्टला पानात फक्त तीन गोष्टी वाढल्या: साखर, अमोनियाचा एक क्षार आणि जाळलेल्या यीस्टची राख. मांस नाही, दूध नाही, कुजणारं असं काहीच नाही. टाचणीच्या डोक्याएवढं यीस्ट त्यात टाकलं आणि ते वाढलं. किण्वन म्हणजे कुजणाऱ्या पदार्थाची हालचाल साखरेला लागते, असं मानणाऱ्यांना हे उत्तर होतं, आणि त्या मंडळींचा म्होरक्या होता युस्टुस फॉन लीबिग, त्या काळातला जर्मन रसायनशास्त्राचा दादा माणूस.

लीबिगनं 1869 च्या सुमारास उलट लिहिलं, की आम्ही हा प्रयोग करून पाहिला आणि आमचं यीस्ट काही वाढलं नाही. पाश्चर चिडला. एक समिती नेमा, तिच्यासमोर याच क्षारांच्या पाण्यात तुम्हाला हवं तेवढं यीस्ट वाढवून देतो, असं त्यानं जाहीर आव्हान दिलं. लीबिगनं ते घेतलं नाही आणि 1873 साली तो वारला. शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट इथं संपते: पाश्चर जिंकला.

मला मात्र नेहमी वाटत आलं आहे, की लीबिगसारखा हाताचा पक्का रसायनज्ञ साधं साखरपाणी बनवण्यात चुकेल कसा? त्याचं उत्तर 1901 साली बेल्जियममधल्या लूव्हँ इथं मिळालं. ओझेन विल्डिएर्स नावाच्या तरुणानं तोच प्रयोग पुन्हा लावला आणि एकच गोष्ट बदलत गेला: सुरुवातीला टाकायच्या यीस्टचं प्रमाण. भरपूर यीस्ट टाकलं की पाश्चरचं पाणी पुरतं. अगदी थोडं टाकलं की तेच पाणी पुरत नाही, यीस्ट बसून राहतं. मग त्यात उकळलेल्या यीस्टच्या अर्काचे थोडे थेंब टाकले, की वाढ सुरू. यीस्टची राख टाकून मात्र हे होत नाही. म्हणजे ही चीज क्षार नव्हे, जळून जाणारं काहीतरी होतं. विल्डिएर्सनं तिला नाव दिलं 'बायॉस'.

आता संगती लागते. भरपूर यीस्ट टाकलं म्हणजे त्यात काही मेलेल्या पेशी असणारच. मेलेल्यांच्या अंगातलं बायॉस पाण्यात उतरतं आणि जिवंतांना शिदोरी मिळते. कुणी किती मोठी चिमूट टाकली, एवढ्यावर एकाचा प्रयोग यशस्वी आणि दुसऱ्याचा फसलेला ठरू शकत होता. माध्यमाचा विचार करताना आम्ही बाटलीत काय ओतलं ते मोजतो. बीजाबरोबर काय आलं ते मोजायचं राहून जातं. तरुण संशोधकांना मी आजही पहिला प्रश्न हाच विचारतो.

विल्डिएर्सवर लोकांनी पुष्कळ वर्षं विश्वास ठेवला नाही. 'व्हिटॅमिन' हा शब्दच 1912 साली आला, तोवर असल्या अदृश्य चिजेला बसवायला कप्पा नव्हता. पुढं कळलं, की बायॉस ही एक वस्तू नसून टोळी आहे. 1928 साली टोरांटोला एडना ईस्टकॉट या बाईंनी त्यातला एक गडी पकडला, तो इनॉसिटॉल. 1933 मध्ये रॉजर विल्यम्सनं दुसरा शोधला. तो जिथं बघावं तिथं सापडतो म्हणून 'सर्वत्र' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचं नाव ठेवलं पँटोथेनिक आम्ल. तिसरा फारच हट्टी निघाला. 1936 साली क्योगल आणि ट्योनिस या दोघांनी बदकाच्या अंड्यांचा सुमारे 250 किलो सुका बलक घेऊन, गाळत-आटवत-शुद्ध करत, शेवटी हातात आणले 1.1 मिलिग्रॅम. ते बायोटिन. वाटेत प्रत्येक पायरीवर माल कुठल्या भांड्यात गेला हे त्यांना सांगत होतं यीस्ट: ज्या भांड्यातल्या थेंबानं यीस्ट वाढेल, त्यात बायोटिन. ज्याच्या जेवणाचा शोध चालला होता, तोच चव घेऊन सांगत होता.

आज यीस्टच्या नेमक्या माध्यमात एका लिटरला फक्त 2 मायक्रोग्रॅम बायोटिन घालतात. म्हणजे 1 ग्रॅम बायोटिन 5 लाख लिटरला पुरेल. आपल्याकडच्या एखाद्या भल्यामोठ्या उंच पाण्याच्या टाकीत एवढं पाणी मावतं. आणि ते ग्रॅमभर नसेल, तर टाकीभर साखर असून यीस्ट उपाशी.

मंडळी, थोडं अगरविषयी, कारण बायकांना सभेत आणायचं तर त्यांच्या कर्तृत्वाचंही बोलायला हवं. आपल्या घरी दुधात घालून वड्या करतात ते चायना ग्रास म्हणजेच अगर. जिवाणू आधी बटाट्याच्या कापांवर किंवा जिलेटिनवर वाढवत. जिलेटिन उन्हाळ्यात वितळतं आणि काही जिवाणू ते खाऊनच टाकतात. 1881-82 च्या सुमारास रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत वॉल्टर हेस नावाचा डॉक्टर याच कटकटीनं वैतागला होता. त्याची बायको फॅनी हेस जेली करताना अगर वापरत असे. जावात राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून तिला ते कळलं होतं. तिनं नवऱ्याला सुचवलं. अगर वितळायला पंच्याऐंशीच्या वर तापमान लागतं, आणि एकदा वितळलं की चाळिशीच्या आसपास येईपर्यंत थिजत नाही. त्यामुळं इन्क्युबेटरमध्ये ते घट्ट राहतं. कॉखनं क्षयाच्या जंतूवरच्या 1882 च्या निबंधात अगरचा उल्लेख केला, फॅनीबाईंचा नाही.

आता माझी स्वतःची एक फजिती. एम. एस्सी.च्या मुलांना दाखवायला मी यीस्टचं एक वाण जपलं होतं. त्याचं एडीई-2 हे जनुक बिघडलेलं. अशा यीस्टला ॲडेनिन स्वतः बनवता येत नाही. बाहेरचं ॲडेनिन कमी पडलं, की त्याची अर्धवट राहिलेली रसायनं पेशीत साठतात आणि अगरवर उठलेला पेशींचा ठिपका, म्हणजे वसाहत, लाल होते. छान डाळिंबी रंग. पांढऱ्या ठिपक्यांत लाल ठिपके बघून मुलांना जनुक डोळ्यांनी दिसतं. वर्षानुवर्षं वायपीडीवर हा खेळ चालला. एका वर्षी प्लेट बाहेर काढल्या तर सगळ्या वसाहती पांढऱ्याफटक. मला वाटलं वाण बदललं, कुणीतरी भेसळ केली. पंधरा दिवस मी प्रयोगशाळेतल्या साहाय्यकावर डोळे वटारत होतो. शेवटी त्यानंच शांतपणे दाखवलं, की यीस्ट एक्स्ट्रॅक्टची बाटली नवी आहे. कंपनी तीच, लॉट दुसरा. नव्या लॉटमध्ये ॲडेनिन जास्त असणार. यीस्टला कमी पडलंच नाही, मग लाली कशाची येणार? जुन्या बाटलीच्या तळाशी उरलेलं खरवडून माध्यम केलं, तर लाल रंग परत आला. साहाय्यकाला मी चहा पाजला, माफीही मागितली.

तेव्हापासून माझं मत झालं आहे आणि ते मी बदलणार नाही: वायपीडी हे यीस्ट पोसण्याचं माध्यम आहे, यीस्टला प्रश्न विचारण्याचं नाही. त्यात इतकं काही आहे, आणि नेमकं किती हे कुणालाच मोजून माहीत नाही, की बिघडलेली पेशीही त्यात सुखानं नांदते. श्रीमंत आजोळी गेलेल्या पोराचं स्वयंपाकाचं अज्ञान जसं उघडं पडत नाही, तसं.

प्रश्न विचारायचा तर पान रिकामं करावं लागतं. त्यासाठीचं नेमकं माध्यम अमेरिकेत लिनफर्ड विकरहॅमनं पद्धतशीर बसवलं. यीस्टच्या वर्गीकरणावरचा त्याचा अहवाल 1951 मध्ये अमेरिकी शेती खात्यानं छापला. आज तयार पूड मिळते, यीस्ट नायट्रोजन बेस. लिटरला 6.7 ग्रॅम घ्यायची; त्यात 5 ग्रॅम अमोनियम सल्फेटच असतं, बाकी क्षार आणि मघाची जीवनसत्त्वं. वरून 20 ग्रॅम ग्लुकोज. प्रत्येक वस्तू नावानिशी आणि मोजून. यात धडधाकट यीस्ट वाढतं, पण सावकाश. दीडऐवजी दोन-अडीच तास घेतं, कारण अमिनो आम्लं स्वतः रांधावी लागतात.

आणि मग खरी गंमत. प्रयोगशाळेतल्या यीस्टमध्ये मुद्दाम एक-दोन जनुकं मोडून ठेवलेली असतात: कुणाला हिस्टिडिन बनवता येत नाही, कुणाला ल्युसिन, कुणाला युरॅसिल. माध्यमात सगळं घालायचं आणि एकच वस्तू गाळायची. एकादशीच्या पानासारखं, वगळलेल्या पदार्थावरून ओळखायचं. युरॅसिल गाळलेल्या प्लेटवर जे वाढेल, त्यानं ते जनुक कुठून तरी मिळवलं. बाहेरचं जनुक यीस्टमध्ये घालणारे सगळे याच युक्तीवर जगतात: हव्या त्या जनुकाच्या शेपटीला युरॅसिलचं जनुक बांधून आत पाठवायचं आणि कोट्यवधी पेशींतून ज्या मोजक्या पेशींनी ते घेतलं, त्याच प्लेटवर दिसतात. उरलेल्या उपाशी मरतात, आपल्याला शोधावं लागत नाही.

एकाच वसाहतीला पाच-सहा प्रश्न एकदम विचारायचे तर मखमल लागते. 1952 साली लेडरबर्ग पतिपत्नींनी ही पद्धत दिली. लाकडी ठोकळ्यावर निर्जंतुक मखमल ताणायची, तीवर मूळ प्लेट उपडी टेकवायची, आणि त्याच मखमलीवर एकामागून एक वेगवेगळ्या माध्यमांच्या कोऱ्या प्लेटा. शिक्का मारल्यासारखं. दुसऱ्या दिवशी सगळ्या प्लेटा शेजारी ठेवल्या, की कुठल्या वसाहतीनं कुठल्या प्लेटवर दांडी मारली ते दिसतं. आमच्या गावात मखमल आणायला मी एका साडीच्या दुकानात गेलो, तर मालक म्हणाले, सर, मुलीचं लग्न ठरलं वाटतं!

साखर बदलूनही प्रश्न बदलतो. यीस्टला ग्लुकोजवर श्वास घ्यायची गरज नसते, ते आंबवून जगतं. ग्लिसरॉलवर मात्र श्वासावाचून गत्यंतर नाही. पॅरिसला बोरिस एफ्रुसी यांनी 1949 च्या सुमारास ग्लुकोजवर नेहमीपेक्षा बारक्या राहणाऱ्या वसाहतींचा अभ्यास केला. फ्रेंचमध्ये त्यांना 'पतीत', म्हणजे चिमुकल्या, असंच नाव पडलं. ग्लिसरॉलवर या चिमुकल्या मुळीच वाढत नाहीत. त्यांच्या पेशीतली श्वासाची यंत्रणाच मोडलेली. एक साखर काढली आणि एक ग्लिसरॉल घातलं, एवढ्यानं मायटोकॉन्ड्रियाचं, म्हणजे त्या श्वासयंत्रणेचं, आनुवंशिकशास्त्र हाताशी आलं.

आता प्रयोगशाळेबाहेर येतो, कारण आपल्या जिल्ह्यात यीस्टचं सर्वात मोठं पान साखर कारखान्याच्या आवारात मांडलेलं असतं. मळी. पाण्यात पातळ केलेली, आम्लानं थोडी आंबट केलेली, वरून यूरिया आणि डीएपी टाकलेली. यूरिया कशाला? मळीत साखर रग्गड, नत्र तुटपुंजं. म्हणून शेतात टाकतो तेच खत डिस्टिलरीतही. बायोटिन मात्र आपल्या उसाच्या मळीत मुबलक असतं. युरोपातल्या बीटाच्या मळीत ते कमी पडतं. मघाची बदकाची अंडी ऐकून ज्यांना वाटलं असेल की याचा आपल्याशी काय संबंध, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

डिस्टिलरीला दारू हवी असते, पावाच्या यीस्टच्या कारखान्याला यीस्टच हवं असतं. मळी तीच, पण साखर एकदम ओतली तर यीस्ट हवा असूनही दारू करत बसतं आणि अंगानं भरत नाही. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या सुमारास डेन्मार्क आणि जर्मनीत साखर थोडी थोडी सोडत जायची रीत बसवली गेली. तान्ह्या बाळाला वाटीभर एकदम न पाजता चमच्यानं पाजतात, त्यातलाच प्रकार. माध्यम निवडताना काय द्यायचं याइतकंच कोणत्या वेगानं द्यायचं हेही ठरवावं लागतं.

गोव्यात पोदेर, म्हणजे पाववाले, पूर्वी पीठ भिजवायला सूर वापरत, म्हणजे माडी. तिथं माध्यम आणि यीस्ट एकाच मडक्यात झाडावरून खाली येत. आता बहुतेक ठिकाणी विकतचं यीस्ट आलं आहे. ज्यांनी सुरेचा पाव खाल्ला आहे त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

सगळी यीस्टं एका पंगतीला बसत नाहीत, हेही सांगायला हवं. त्वचेच्या बुरशींसाठी सॅबूरो या फ्रेंच डॉक्टरानं केलेलं माध्यम 4 टक्के साखरेचं आणि आंबट. जिवाणूंना ते मानवत नाही, म्हणून इस्पितळात आजही वापरतात. पिचिया नावाचं यीस्ट मिथेनॉल खातं, जे माणसाला आंधळं करतं ते. हैदराबादला 1997 साली बाजारात आलेली भारतीय बनावटीची कावीळ-बी ची लस याच यीस्टमध्ये तयार झाली. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सूक्ष्मजीव संग्रहातून यीस्ट मागवलं, तर कोणत्या माध्यमावर वाढवायचं तेही कळवतात. बहुतेकदा ते एमजीवायपी असतं, म्हणजे माल्ट, ग्लुकोज, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, पेप्टोन. पाहुणा घरी आणताना त्याच्या माहेरी काय खात होता ते विचारावं. पहिले दोन दिवस तेच द्यावं, मग आपले प्रयोग.

समोर महाविद्यालयातले पुष्कळ शिक्षक दिसताहेत, त्यांच्यासाठी दोन-चार हातच्या गोष्टी. आंबट माध्यम हवं असेल तर आम्ल ऑटोक्लेव्हनंतर घाला. मी एकदा आधी घातलं आणि परीक्षेच्या आदल्या रात्री साठ प्लेटा ओतल्या. सकाळी साठही प्लेटांत खीर. आम्लात उकळलं की अगर तुटतं. ग्लुकोज वेगळं निर्जंतुक करून मागाहून मिसळा, नाहीतर पेप्टोनबरोबर शिजून माध्यम तपकिरी होतं. बोअरचं पाणी वापरू नका. एप्रिल-मेमध्ये नुसता तापवणारा इन्क्युबेटर कामाचा नाही, कारण खोलीच चाळिशीला पोचलेली असते. थंड करणारा, ज्याला आपण बीओडी म्हणतो, तो हवा. आणि प्रत्येक बाटलीवर माध्यमाच्या नावाबरोबर यीस्ट एक्स्ट्रॅक्टचा लॉट नंबर लिहा. माझे पंधरा दिवस गेले, तुमचे जाऊ नयेत.

शेवटी एक विनंती. येत्या जूनमध्ये पहिल्या प्रात्यक्षिकाला मुलांना पाठ्यपुस्तकातली आकृती काढायला लावू नका. बेकरीतून चिमूटभर यीस्ट आणा, एक प्लेट वायपीडीची आणि एक नेमक्या माध्यमाची ओता, दोन्हींवर एकच रेघ ओढा आणि दोन दिवसांनी मुलांनाच विचारा, की कुठल्या प्लेटवर यीस्ट जास्त वाढलं आणि कुठल्या प्लेटनं तुम्हाला जास्त सांगितलं. खर्च फार नाही. आणि प्लेटा इन्क्युबेटरमध्ये उपड्या ठेवा, नाहीतर झाकणाला धरलेलं पाणी वसाहतींवर गळतं आणि सगळं एकात एक होऊन जातं.